कॉलेजची साडी

नाही मास्तर, फॉल-पिको नाही — तुम्ही बरोबर ऐकलंत, ही साडी कापायची आणि हिचा सलवार-कुर्ता शिवायचा. नवीकोरी आहे, माहितीये मला, घडीसुद्धा मोडलेली नाही. कॉलेजने वाटली, शिकवणाऱ्या, ऑफिसातल्या सगळ्या बायकांना एकसारखी — बदामी, मरून काठाची. कशाला? सोमवारी बाहेरून तपासणीची कमिटी येणारे म्हणून. आणि तिथून पुढे रोज साडीच, कुर्ते बंद. पुरुषांना काय? पुरुषांना शर्ट खोचून या म्हटलंय — झालं त्यांचं.

साडीशी माझं भांडण नाही हो. गौरीला नेसते, लग्नाकार्याला नेसते, हौसेने नेसते. पण रोज निर्मळहून स्कूटरने यायचं, ॲडमिशनच्या खिडकीवर ऊठबस करायची, वरच्या फायली स्टुलावर चढून मीच काढायच्या — आणि माझा कुर्ता काय तोकडा असतो? गुडघ्याखाली असतो, ओढणीला पिन असते. हेच मी वसुंधरा मॅडमना सांगितलं, आमच्या व्हाइस प्रिन्सिपल. बाई वाईट नाहीत, समोर बसवून चहा पाजला. आणि मग म्हणाल्या, ‘जागृती, हरेशभाऊ होते तेव्हा रोज साडीत यायचीस, किती नीटनेटकी. तुला कधी कोणी सांगावं लागलं नाही. मग आता काय झालं?’ काय झालं — नवरा गेला, ते झालं. त्यांना वाटलं मी डोळ्यांना ओढणी लावणार. मी म्हटलं, ‘मॅडम, सांगणारं माणूस तेव्हा घरात होतं, म्हणून तुम्हाला सांगावं लागलं नाही.’

हे मी तुम्हाला कशाला सांगतेय — असो. तुम्ही आमच्या ह्यांना ओळखायचात, याच बाकावर बसून गप्पा मारायचे. मान होता त्यांना आगाशीत, निर्मळमध्ये, सगळीकडे. काही ना काही काम काढून कॉलेजात यायचे, मी काय घातलंय ते बघून जायचे. लोक म्हणायचे, किती काळजी बायकोची. एकदा मी एलिनाचा ड्रेस घरी आणला, आमच्या लायब्ररीतल्या एलिनाचा — घालून बघायला नुसता, आरशासमोर. ते दारात कधी येऊन उभे राहिले मला कळलंच नाही. त्यानंतर मी तुमच्याकडे ब्लाउजपीस घेऊन आले होते. बाही कोपरापर्यंत करा म्हटलं मी, ऐन मे महिन्यात. आठवतं? आठवतं, तोंड बघा तुमचं. दंडाला टेप लावलीत, दंड बघितलात, आणि टेप गळ्यात टाकून म्हणालात, जुन्या मापावरून करतो. नाही, दोष देत नाही — देतेय थोडा. विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं, विहिरीच्या पायरीवरून घसरले. पण विचारायला तर हवं होतं.

दिवसकार्य झालं, पुढे महिनाभराने सासूबाई — बायजाबाई, हो त्याच, फुलं घेऊन बसतात त्या — विरारच्या बाजारात गेल्या आणि माझ्यासाठी पंजाबी ड्रेस घेऊन आल्या. हिरवागार, खांद्यात ढगळ. म्हणाल्या, ‘घाल गो. आता कोन काय बोलनार नाय तुला.’ मुलगा गेलेला त्यांचा, पोटचा. माहीत होतं त्यांना सगळं, भिंतीपलीकडेच तर झोपायच्या. तेव्हा मी रडले मास्तर, ते गेले त्या दिवशी नव्हते रडले. दोघी रडलो, मग त्यांनी चहा टाकला. तेव्हापासून मी असे कपडे घालते, आणि कोणाला विचारून घालत नाही.

हे मॅडमना नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘बघ बाई, तुला कायम करायची फाईल माझ्याच टेबलावर आहे.’ धमकी नव्हती, काळजीनेच म्हणाल्या — पण फाईलवर हात ठेवून म्हणाल्या. ठेवू दे. त्यांना सगळ्या बायका एका रंगात हव्यात ना? मी त्याच रंगात येते, त्याच कापडात येते, रांगेत पहिली उभी राहते. कमिटीने विचारलं तर सांगते, शिवून घेतलाय. काढलं तर काढू दे, केळी आहेत, फुलं आहेत, आम्ही दोघी उपाशी मरत नाही — खोटं कशाला बोलू, भीती वाटते. नोकरीवर जीव आहे माझा. खिडकीवर पोरं ‘ताई, ताई’ करतात ना, ते सोडवणार नाही मला. पण पुन्हा कोणी ठरवून दिलेलं अंगावर घेऊन बाहेर पडायचं — ते आता होत नाही.

आता कात्री घ्या. नाही, मी गेल्यावर नाही, माझ्यासमोर. नाहीतर रविवारी साडी तशीच हातात ठेवाल आणि म्हणाल, ताई, जीव झाला नाही. पदराकडून घ्या. काठ कुर्त्याच्या खाली आला पाहिजे, खिसा एक उजवीकडे. नुसते बघताय काय, एवढ्या लग्नांचं शिवलंत. घाला कात्री — हं.

झालं ना? बरं. रविवारी संध्याकाळी येते न्यायला. आणि मास्तर, मी बोलले ते बोलले — आता तुम्ही त्यावर काही बोलू नका. त्या बाहेरच्या बाईंना आत घ्या, केव्हाच्या उभ्या आहेत.