बॅटरीचं पाणी कोण घालायचं

हसणार नसाल तर सांगतो. आमच्या नेरुळच्या रो-हाउसवर सोलर बसवून सात वर्षं झाली. लाइट गेली तरी पंखे चालायचे, त्यामुळे जिन्याखालच्या त्या बॅटऱ्यांकडे मी कधी फिरकलो नाही. माझी बायको सुनंदा वारल्यानंतर सातेक महिन्यांनी एका दुपारी लाइट गेली आणि दहा मिनिटांत पंखाही थांबला. घरात मी एकटा. पंख्याचा तेवढा आवाज होता, तोही गेला. मला बसवेना, लगेच मेकॅनिकला फोन लावला.

त्यानं बॅटऱ्यांची झाकणं उघडली.

"काका, पाणी पार आटलंय. डिस्टिल्ड वॉटर शेवटचं कधी घातलंत?"

"यात पाणी घालतात?"

त्याला हसू आवरेना. "मग सात वर्षं हवेवर चालल्या काय? हे बघा, टर्मिनलला व्हॅसलीन लावलंय, मागे पाण्याचा कॅनही ठेवलाय. कोणीतरी मस्त सांभाळल्यात."

सुनंदा ते कधी करायची, मला पत्ता नव्हता. तिनंही कधी सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

त्यानं पाणी भरलं. एक बॅटरी गेलीच होती, बाकीच्या वाचल्या. निघताना म्हणाला, "आधी जे कोण बघायचे ना, त्यांनाच विचारून घ्या, किती दिवसांनी घालायचे ते. त्यांचं एकदम बरोबर होतं."

"हो, विचारतो," मी म्हणालो.