अकरा ते बारा, तार धरून

...नाही, तुम्ही मले एक सांगा, माणसानं स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलाखाली, भर मे महिन्यात, कूलर बंद करून, दोन बोटांत एक तार धरून तासभर मुकाट बसायचं, आन् बाहेर येऊन पाहतो तर काय, ओसरीवर त्याच्यासाठीच आणलेली बर्फाची लादी! हसा, हसा, तुमचं काय जाते. तार तर मी धरून बसलो होतो ना.

पण असं मधूनच सांगितलं तर तुम्हाले वाटेल का यशवंतरावाचं डोकं उन्हानं फिरलं. रेल्वेत बाबू होतो मी, सगळं ओळीनं सांगायची सवय आहे. तर आमची सुशीला, माझी बायको. तेहतीस वर्षं पहिलीच्या वर्गाले शिकवलं. आवाज असा का नुसतं 'हं' म्हटलं तरी पोट्टे चूप. रिटायर झाली आन् तुम्हाले सांगतो, त्या आवाजाले कामच राहिलं नाही. पोट्टा बंगलोरले, मी पेपरात. ती सांगे, मी म्हणे 'हव', म्हणजे हो. काय सांगितलं हे कोणी विचारलं असतं तर मले सांगता आलं नसतं. मग आमच्या नीलनं, म्हणजे त्याच पोट्ट्यानं, तिनं फोनवर सांगितलेली एक गोष्ट कुठंतरी पाठवली, आन् पुण्याच्या कंपनीचा फोन आला. लहान पोरांच्या गोष्टी मोबाइलवर ऐकवतात म्हणे ते लोक. 'काकू, तुमचा आवाज पाहिजे.' त्या दिवशी सुशीला आरशासमोर उभी राहून हळूच एकदा 'नमस्कार मुलांनो' म्हणाली. मी पाहिलं. आन् पेपर वर केला.

आता अट ऐका. रेकॉर्डिंग चालू असताना पुण्यातली डायरेक्टर, ज्ञानदा नावाची पोट्टी, तिथं बसून ऐकणार आन् मधे मधे सांगणार, काकू इथं हळू, काकू इथं जरा हसून. एक गोष्ट अशी करून पाहू म्हणे. जमली तर सगळी मालिका काकूंची, नाही तर पुण्यातच कोणीतरी शोधू. झालं! सुशीलाची झोप गेली. तिची गेली का माझी राहते काय?

नील म्हणे, 'आई, इसके लिए एक सर्विस आती है, हर महीने का पैसा लगता है, मैं भर देता हूँ ना.' मराठी समजते त्याले सगळं, पण तोंडातून हिंदीच निघते. सुशीला म्हणे, 'दर महिन्याले काहून भरायचं? फोन आहे, तार आहे, हे आहेत.' हे म्हणजे मी. सामानाच्या यादीत तिसरा!

मग घरात स्टुडिओ झाला. दोन लोखंडी कपाटांच्या मधे टेबल, वरून रजया, बाजूनं भनपुरीच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडून आणलेली जाड घोंगडी, तिले अजून कांद्याचा वास येते. दारावर पांढऱ्या चादरी, दुहेरी. माइक एका डबीत लावायचा, डबीतून लॅपटॉपमधे, तिथं रेकॉर्डिंग. त्याच डबीतून दुसरी तार जुन्या फोनमधे, फोन पुण्याले लावलेला, म्हणजे माइकमधलं जसंच्या तसं पुण्यात ऐकू जाणार. पुण्याचं बोलणं फक्त सुशीलाच्या कानात. फुकटात सगळं. फक्त ती फोनची तार... कधीची ड्रॉवरमधे पडलेली, एकदम ढिली. बोटांनी दाबून धरली का आवाज जाते, सोडली का पुणे बंद. नील म्हणे, 'बाबा, आप पकड़ के बैठ जाना, बस.' बस! चाळीस वर्षं नोकरी केली मी, कोणी मले 'बस' इतकं सोपं काम दिलं नव्हतं. तेव्हापासून मी आपला तार धरून बसलेलो आहे.

राहिली शांतता. आता आमच्या ब्राह्मणपाऱ्यात, पारा म्हणजे रायपूरकडचा मोहल्ला, शांतता म्हणजे... तुम्ही कधी आले असाल तर सांगायची गरज नाही. देवळाची घंटा, चार घरचे कुकर, भाजीवाला भैया, वरून समोरचा नरहरी. तो बरोबर अकराले स्कूटरले किक मारते, पंधरा किका, सोळाव्याले चालू. त्याले सांगावं तर आमचं दोन वर्षांपासून बोलणं बंद. कॅरममधे राणी कव्हर झाली होती का नव्हती, यावरून. झाली होती. मी आजही सांगतो, झाली होती!

नील म्हणे, काका के फ्लैट पे चले जाओ, नवा रायपुर. गेलो ना. तिथं शांतता इतकी का स्वतःचं पोट वाजलेलं ऐकू येते. पण परतायले बस नाही. रुंदच्या रुंद रस्ता, दोघं म्हातारे उभे, धूळ आन् ऊन... दीड तासानं बस आली तोवर सुशीलाचा घसा बसला. दोन दिवसांवर, बुधवारी अकराले रेकॉर्डिंग! मग तिनं मौन धरलं. दोन दिवस एक शब्द नाही, नुसत्या खुणा, दिवसातून चारदा ओव्याची वाफ. डोळे लालभडक, नाक लाल. आन् घर इतकं सुनं वाटलं का काय सांगू तुम्हाले. 'हव' म्हणायचं तरी कोणाले?

आता इथं लक्ष द्या, घोटाळा इथं झाला. बुधवारी सकाळी सुशीला पाऱ्यात सांगायले निघाली. मले जाऊ दिलं नाही, कारण मागच्या महिन्यात माझ्या छातीत दुखलं होतं, चार दिवस दवाखान्यात राहून आलो, उन्हात फिरायची बंदी, आन् नवा रायपूरहून आल्यापासून तर ती अजून कडक. तर ही एकटी गेली. डोळे लाल, आवाज नाही, अंगावर पांढरी सुती साडी, उन्हाळ्यातली. गोदूमावशीच्या दारात उभी राहिली. मावशी म्हणे, 'काहून गं सुशीला? यशवंतराव कसे आहेत?' सुशीलानं घशाले हात लावला, मान हलवली, बोलता येत नाही म्हणून. मग हात जोडले आन् अगदी दबल्या आवाजात म्हणाली, 'अकरा ते बारा... जरा शांतता ठेवा.' मावशीनं विचारलं, 'नीलले कळवलं?' तर ही म्हणे, 'तो फोनवर राहणार आहे.' आन् डोळे पुसले. वाफेचं पाणी हो! पण मावशीले काय माहीत? अशी सात घरं फिरली.

इकडे मी? कूलर बंद केला, पंखा बंद, घड्याळाचे सेल काढले, फ्रिज बंद. नीलनं सांगितलं होतं, स्कूटर की चाबी फ्रिज में रख दो, मतलब बाद में चालू करना याद रहेगा. ठेवली. आन् पावणेअकराले मी बनियान-पायजाम्यावर टेबलाखाली गेलो, तार धरून बसलो.

अकरा वाजले. तुम्हाले सांगतो, असं कधी झालं नाही. कुकर नाही. भैया नाही. देवळाची घंटाही नाही. नरहरीची किक... नाही! मी मनात म्हटलं, काय वजन आहे बायकोचं पाऱ्यात! आन् वर सुशीला बोलायले लागली.

गोष्ट होती एका आळशी अस्वलाची. मी तिची गोष्ट याआधी हजारदा ऐकली असेल, म्हणजे माझ्या कानावरून गेली असेल. पण टेबलाखाली पेपर नव्हता ना. ती अस्वलाचं बोलली, मधमाशीचं बोलली, अस्वलाच्या म्हाताऱ्या बायकोचं बोलली, आन् मी तार धरून बसलो होतो आन् मले वाटलं, अरे, ही अशी बोलते? चौतीस वर्षं ही माझ्याच घरात बोलून राहिली होती? लाज वाटली मले. खरंच वाटली.

तेवढ्यात पायजामा ओला. पाहतो तर दाराखालून पाण्याचा ओघळ, थंडगार, सरळ माझ्याकडे. हे पाणी कुठलं? नळ तर सकाळीच बंद केला होता. उठता येत नाही, बोलता येत नाही, तार सोडली का पुणे गेलं आन् सुशीलाची मालिका गेली. विजेचा बोर्ड जमिनीवर. मी पायानं बोर्ड उचलला, हवेत धरला, हाताची बोटं तारेवर, खाली बर्फाचं पाणी, वर अस्वल. वीस मिनिटं, लोकहो! दवाखान्यातून आलेला माणूस मी.

बारा वाजले. सुशीलानं फोन समोर धरला आन् मलेही ऐकू येईल असं केलं. ज्ञानदा म्हणे, 'काकू, मालिका तुमचीच. आणि इतकी शांतता मी मोठ्या स्टुडिओतही ऐकली नाही, तुम्ही राहता कुठे? दर बुधवारी अकराला हीच शांतता हवी हं.' सुशीला रडली. मी बाहेर निघालो, पाणी कुठून येते ते पाहायले दार उघडलं.

सगळा पारा. ओसरीवर, गल्लीत, चपला काढून, डोक्यावर पदर घेऊन, मांडी घालून चूप बसलेला. गोदूमावशीच्या मांडीवर पिठल्याचं भगोणं, सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. आन् दाराशी, गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लादीले टेकून, नरहरी. ढसाढसा, पण आवाज न करता रडून राहिला होता. सगळे म्हणत होते नील फोनवरूनच दर्शन घेणार, आजकालची पोरं. तर हाच एकटा म्हणाला का नाही, बाप आहे त्याचा, पोट्टा येईलच, तोपर्यंत बर्फ पाहिजे. आन् भनपुरीच्या कारखान्यातून ई-रिक्षात लादी घेऊन आला.

मी उभा, ओला पायजामा, हातात चुकून तुटून आलेली तार. गोदूमावशी भगोण्यासकट मागे सरकली. नरहरीनं वर पाहिलं, मले पाहिलं, बर्फाले पाहिलं, आन् एकदम मिठी मारली. 'अबे यशवंत, मी आताच देवाले सांगितलं का राणी कव्हर झाली होती!' मी म्हटलं, 'मग आता फिरवू नको शब्द.' तो म्हणे, 'मेलेल्यासाठी म्हटलं होतं, जित्यासाठी नाही.' पण मिठी सोडली नाही. मीही नाही सोडली.

मग काय, त्याच बर्फाचं पन्हं केलं, पाऱ्यानं प्यायलं, मी पण प्यायलो. स्वतःचा बर्फ किती जणांले प्यायले मिळते? फ्रिजची आठवण मात्र दुसऱ्या दिवशी आली. चाबी पाहिजेच कोणाले होती?

पुढचा बुधवार आला. सुशीलानं आता सगळ्यांले खरं कारण सांगितलं, आन् सगळे म्हणाले हो हो, चूप राहू. अकरा वाजले आन् तीन कुकर, दोन भांडणं आन् नरहरीची किक. ज्ञानदा म्हणे, काकू, आज राहू द्या, पुढच्या बुधवारी मात्र मागच्यासारखी शांतता पाहिजे. त्या संध्याकाळी गोदूमावशी स्वतः आली. म्हणे, 'हे पाहा, यशवंतराव जिते आहेत हे माहीत असलं का पाऱ्याले धीर धरवत नाही. त्यापेक्षा आम्ही तसेच येऊन बसत जाऊ. चपला काढल्या का तोंड आपोआप बंद होते. फक्त यांनी बारापर्यंत दिसायचं नाही.' नरहरी म्हणे, 'बर्फ माझ्याकडे.'

मी म्हटलं, बरं, नीलनं नवी तार पाठवली आहे, ती लावा, मी आपला आतल्या खोलीत पडून राहतो, मेल्यासारखा. तर सुशीलानं नवी तार ड्रॉवरमधे टाकली आन् जुनी जोडून घेतली. म्हणे, 'तुम्ही खाली बसले असले का मले वाटते कोणीतरी ऐकून राहिलं.' मी 'हव' म्हटलं. या वेळी ऐकून म्हटलं.

तर असं आहे सगळं. उद्या बुधवार. अकराले मरायचंही मीच, आन् तार धरून बसायचंही मीच.