पाणी न पिणाऱ्या ताट्या

मे महिन्यातली दुपारी दोनची वेळ, नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्याचा बाळंतिणींचा वॉर्ड. साल सत्तरच्या दशकातलं. खिडक्यांना वाळ्याच्या नव्या ताट्या, त्यांवर पाण्याची धार, तरी आत भट्टी. पाणी ताटीवरून घरंगळून सरळ फरशीवर. एका बाळंतिणीची सासू मला म्हणाली, "पेपरवाले ना तुम्ही? मंग लिहा ना भाऊ. ताटी पाणीच नाही पिऊन राहिली, लेकरू तापून राहिलं."

तिला घेऊन मी दवाखान्याची देखभाल बघणाऱ्या इंजिनियरसाहेबांच्या खोलीत गेलो. ते खुशीत म्हणाले, "ताट्या दरवर्षी कुजतात, म्हणून यंदा लेप मारला. त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. हवा जाते, पाणी शिरत नाही."

"अहो, ताटी भिजलीच नाही तर वारा गार कसा होणार?" मी विचारलं.

"पण कुजणार नाही ना."

"ताटी वाचली साहेब," सासू म्हणाली, "लेकरायचं काय?"

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की इथे चांगलं गार वाटतंय. साहेबांच्या खिडकीतली ताटी चाचपली, तर ओलीचिंब. सासूनं ती उपसली आणि सरळ वॉर्डात नेली.

तेवढी एकच ताटी लेपातून कोणी वगळली, हे मी दुसऱ्या दिवशी छापून विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही.