ताईंना स्वतः वाचता येईल असं मानपत्र

सन्माननीय अध्यक्ष गोरक्ष आहेर सर, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण आज नाशिक रोडच्या या सभागृहात जमलो त्या आमच्या रोहिणीताई पगारे, त्यांच्या घरची मंडळी, आणि चहा होऊनही अजून खुर्चीवर टिकून असलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी सुवर्णा, ताईंच्या शेजारच्या टेबलावर बसते. आमची संस्था मराठी वेबसाइट बनवते, ग्रामपंचायतींच्या, वाचनालयांच्या, द्राक्ष बागायतदारांच्या. सरांनी सांगितलं, दोन गोड शब्द बोल. सर, तुमच्या हाताखाली राहून माझी गोड बोलायची सवय मोडली, तेव्हा जे येईल ते ऐकून घ्या.

ताई आज वेळेआधी निवृत्त होतायत. कारण सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी उच्चारत नाही, म्हणून मी उच्चारते. काचबिंदूने ताईंची नजर जवळजवळ गेली. समोर कोण आलं ते त्या आवाजावरून ओळखतात. वाचायचं असलं की फोन कानाशी धरतात आणि तो पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. आमच्यात सगळ्यांत जास्त वाचणाऱ्या बाईवर ही वेळ यावी याचं मला फार वाईट वाटतं. रागही येतो, पण तो काढायचा कुणावर?

पाहुण्यांना प्रश्न पडला असेल, या ताई नेमकं करायच्या काय? इंटरनेटवर पानं दाखवणारी यंत्रणा मुळात इंग्रजीसाठी बेतलेली. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी उभी राहतात. आपलं अक्षर वरच्या रेषेला धरून असतं, डोक्यावर मात्रा, पायाशी उकार, कधी पोटात दुसरं अक्षर. शीर्षकाची अक्षरं जरा ऐसपैस मांडायला जावं तर वरची रेषा तुटते. ओळी जवळ आणल्या की मात्रा छाटल्या जातात. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करावं तर कधी कधी अर्धंच मोठं होतं आणि उरलेलं बाजूला लोंबकळतं. हे दुरुस्त व्हावं म्हणून ताई परदेशातल्या तज्ज्ञांना मेल पाठवायच्या. जुन्या छापील पानांचे फोटो जोडून सांगायच्या, आमच्याकडे हे असं असतं. उलट विचारणा यायची, याने अडचण अशी किती लोकांना होते? ताई शांतपणे मराठी माणसांची संख्या कळवायच्या. मी असते तर मेलमध्येच भांडले असते.

एकदा त्यांनी कळवलेली एक चूक खरंच दुरुस्त झाली. कापली जाणारी वेलांटी एका सकाळी पडद्यावर अख्खी दिसली. ताईंनी त्या दिवशी सगळ्या ऑफिसला मिसळ खाऊ घातली. वेलांटीपायी मिसळ खाणारं ऑफिस दुसरं कुठे असेल?

बाकीच्या कितीतरी चुका मात्र तशाच राहिल्या. त्यावर आपल्या धंद्यात एक रीत पडून गेली आहे. मजकूर तुटतोय ना? मग तो नीट मांडून त्याचं चित्र करायचं आणि पानावर चिकटवायचं. लग्नपत्रिका, नोटिसा, सूचना, सगळं चित्रात. दिसायला देखणं, म्हणून कुणाची तक्रार नाही. सटाण्याकडच्या भिमाजीअप्पांच्या द्राक्षबागेची वेबसाइट आम्ही केली, तेव्हा मोठ्या अक्षरांतलं त्यांचं नाव मधोमध फुटलं. अप्पांचा फोन आला, "ताई, मनं नाव तुटेल शे." आपलं नाव तुटलेलं पाहून माणूस दुखावला होता. आमचा प्रफुल्ल म्हणाला, चित्र लावून टाकू, चुटकीसरशी होईल. ताई ऐकेनात. म्हणाल्या, "चित्र लावलं की डोळसाचं भागतं. ज्याला दिसत नाही, त्याचा फोन तिथे मुका होतो." तेव्हा ताईंचे डोळे ठणठणीत होते. खटपट करून त्यांनी अप्पांचं नाव मजकूर म्हणूनच सरळ उभं केलं.

आता आजची गोष्ट. मागे पडद्यावर जे मानपत्र झळकतंय ते प्रफुल्लने केलंय. कडेने वेल, ताईंचं नाव ठसठशीत, एक मात्रा इकडची तिकडे नाही. कार्यक्रमाआधी त्याने ते ताईंच्या फोनवर पाठवलं. मी शेजारीच होते. ताईंनी हौसेने फोन कानाला लावला. फोन म्हणाला, "इमेज." आणि गप्प झाला. ताईंनी पुन्हा बोट फिरवलं. पुन्हा "इमेज".

प्रफुल्लचा चेहरा खर्रकन उतरला. त्याच्यावर कुणी चिडू नका. पाहुण्यांसमोर ताईंचं नाव तुटलेलं दिसू नये, एवढ्याचसाठी त्या भल्या माणसाने हाताच्या सवयीने चित्र केलं. तो म्हणाला, ताई, मी वाचून दाखवतो ना. ताईंनी त्याचा हात थोपटला आणि म्हणाल्या, "नको रे. आजवर माझं मीच वाचत आले."

ज्या रीतीशी ही बाई इतकी वर्षं भांडली, त्याच रीतीने आम्ही तिला निरोप द्यायला निघालो होतो. आणि उद्या काय? ताईंना घरी बसून मराठी वाचायचंय. तिथेही जो तो चित्रंच चिकटवत असेल, तर त्यांनी दिवसभर "इमेज, इमेज" ऐकत बसायचं का? ते मेल आता कोण लिहिणार? सर, ताईंचं काम बंद करू नका, एवढं हात जोडून सांगते. दुसरं कुणी मिळेना तर मी करते. भांडखोर आहे, पण तिकडच्यांनाही थोडं भांडण ऐकायची सवय होऊ दे.

प्रफुल्ल, ते चित्र आता काढ.

मघाशी चहाच्या गडबडीत त्याने तेच मानपत्र साध्या मजकुरात टाकून ताईंना पुन्हा पाठवलंय. पडद्यावर आता ते दिसेल. पहिलं अक्षर अर्धवट लोंबतंय, मात्रा कापल्या गेल्यात, ताईंच्या नावावरची रेषा तुटली आहे. सगळं नीट करायला वेळ पुरला नाही, आणि नीट करणाऱ्या ताईच होत्या.

ताईंना आम्हाला उसनं देणाऱ्या त्यांच्या घरच्यांचे, पाहुण्यांचे आणि तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या तोंडून कमीजास्त निघालं असेल ते पदरात घ्या. पडद्यावर जे वेडंवाकडं दिसतंय, त्यालाही आज सभागृहाने नाक न मुरडता माफ करावं. मानपत्र वाचण्याचा मान अध्यक्षांचा असतो. सरांना मी विचारलंय, त्यांनी तो सोडलाय.

ताई, फोनचा आवाज मोठा करा. तुम्ही वाचा, आम्ही ऐकतो.