सासू येतानाची धून

सिनेमा-टीव्हीला संगीत देणाऱ्या पोराचं लग्न जमवणं सोपं नाही हो. माझा भाचा रघू चेन्नईत तेच करतो. त्याच्यासाठी मुलगी पाहायला आम्ही ओरत्तनाडू गावी गेलो, तर केसरी-बज्जी, म्हणजे शिरा-भजी, पुढ्यात ठेवून मुलीच्या आज्जीनं त्यालाच सांगितलं, "एखादं गाणं म्हण बघू."

"आज्जी, मी गात नाही. मालिकेत मागं वाजतं ना, ते मी करतो."

"म्हणजे नेमकं काय करतोस?"

आधीची स्थळं याच प्रश्नावर मोडली होती. शेवटी रघू म्हणाला, "ती दुष्ट सासू येते ना, तेव्हा..." आणि तोंडानंच वाजवायला लागला, "ढँऽण! ढँऽण!"

नेमकी तेव्हाच माझी अक्का, म्हणजे रघूची आई, त्यांचं स्वैपाकघर बघून बाहेर आली. सगळे तिच्याकडेच बघायला लागले. अक्का दारातच थबकली. मला वाटलं, गेलं हेही स्थळ.

मुलगी काफी ओतत होती. तिनं पेला खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "आज्जी, मला हाच पाहिजे. सासू येतेय हे आधी कळवणारा नवरा कुणाला मिळतो?"