चौधरी भियांचं गवत

तुम्ही चहात गवती चहा घालता ना, मग हे ऐकाच. नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. कारखान्यातल्या नोकरीसाठी आम्ही देवासला नवीनच आलो होतो. शेजारी चौधरी भिया; तिकडे भैयाला भियाच म्हणतात. त्यांनी टोंकखुर्दच्या आपल्या शेतातून गवताचा एक ठोंब आणला, स्वतःच्या हाताने आमच्या नळापाशी लावला आणि म्हणाले, "बड़े काम की चीज़ है, भिया."

आमची ही सांगलीची. तिनं पातं चुरगाळून वास घेतला. "अहो, गवती चहा!"

झालं. रोज चहात दोन पाती. चव जरा उग्र लागायची, पण म्हटलं, माळव्याची माती, असेल तशीच. दर रविवारी चौधरी भियांनाही तोच चहा. तेही बशीत ओतून गुमान प्यायचे.

दोन महिन्यांनी सासूबाई आल्या. पहिल्याच घोटाला कप खाली ठेवून थेट नळापाशी गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगं, बुंधा बघ, तांबडा आहे! हे डास पळवायचं गवत!"

मी तसाच शेजारी गेलो. "भिया, आपने बताया क्यों नहीं?"

ते शांतपणे म्हणाले, "हमने सोचा, मराठी लोग मच्छर अंदर से भगाते होंगे."

मग सासूबाईंनी सांगलीहून खरा गवती चहा पाठवला. तो रुजला, वाढला, आणि एका रविवारी आम्ही भियांना मोठ्या ऐटीत त्याचा चहा दिला. त्यांनी एक घोट घेतला, बशीत पाहिलं आणि हळूच विचारलं, "भाभीजी, आज घास डालना भूल गईं क्या?"