टोपली कोणाची

नवऱ्यानं धरलेल्या मासोळ्यांची टोपली पायापाशी घेऊन खुशबू आसगावहून पवनीच्या बाजाराला निघाली होती. बसमध्ये पुढच्या सीटवर दोघीजणी बोलत होत्या.

“संस्थेनं तुमच्या गटाले डोंगा देल्ला म्हणे, सत्यभामाबाई?”

“देल्ला ना. तलाव बायांच्या गटाचा, डोंगाबी गटाचा. पण त्यात बसतेत माणसंच.”

“काहून?”

“बाईनं डोंग्यात पाय ठेवला का मासोळ्या पळतेत म्हणे.”

खुशबूच्या गटाला मिळालेली होडीही याच कारणानं पुरुषांकडेच होती. तिनं कान टवकारले.

“मंग भांडल्या का तुमी?”

“कायले भांडाचं? आमी म्हटलं, ठीक हाये. बाईच्या पायाले भेणारी मासोळी बाईच्या डोक्यावर तरी कायले बसन? आता बजारात तुमीच न्या.”

“नेल्या?”

“आमचे हे गेले ना. टोपलीम्होरं तोंड शिवून बसले. गिऱ्हाइकाले हाक माराची लाज. सांजेले टोपली तशीच वापस.”

“मंग?”

“मंग काय. सकाळी स्वताच म्हणाले, चाल, बस डोंग्यात.”

“आन् मासोळ्या? पळाल्या का?”

“पळतीन कुठी? तलावातून का पवनीले जातीन?”

पवनीचा स्टँड आला. बस रिकामी झाली. कंडक्टरनं नाकाला रुमाल लावला.

“हे टोपली कोणाची? उतरवा लवकर.”

“ज्यानं मासोळ्या धरल्या त्याची,” खुशबू जागची हलली नाही. “हेच गाडी आसगावले वापस जाते ना? एक तिकीट द्या.”